आईला वाचून दाखवलेले कार्ड

एकोणीसशे एकतीस साली, खानेसुमारीच्या म्हणजे जनगणनेच्या दिवसांत, मी आईला तिच्या माहेरचे एक कार्ड वाचून दाखवले आणि त्यातल्या मधल्या ओळी गाळल्या. तिची आई आजारी आहे आणि सारखे लेकीचे नाव घेते आहे, असे त्या ओळींत होते. मी त्या मुद्दाम गाळल्या. पुढच्या आठवडाभरात मला जे कळले त्याचा धक्का अजून पुरता ओसरलेला नाही. म्हणून लिहून पाहतो. नीट लिहिता येईल याची खात्री नाही.

आमचा मळा पंचवटीच्या मागच्या अंगाला होता. वडील मेथी, वांगी, कोथिंबीर काढत. आई आणि आत्या पाट्या डोक्यावर घेऊन बाजारात आळीपाळीने बसत. आत्या म्हणजे वडिलांची थोरली बहीण. ती तरुणपणीच विधवा होऊन माघारी आली होती आणि घर तिच्या शब्दावर चाले. आईने तिच्यापुढे आवाज चढवलेला मी कधी ऐकला नाही. शाळेत गेलेला घरातला पहिला माणूस मी. चौथीत असल्यापासून घरी येणारे प्रत्येक कार्ड मीच वाचत आलो होतो. संध्याकाळी जेवणे झाली की कंदिलापुढे कार्ड जमिनीवर ठेवायचे, मी अलीकडे, आई पलीकडे, आणि मी मोठ्याने वाचायचे.

त्या वर्षी मी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होतो. आम्हाला तर्कशास्त्र शिकवणारे सर शनिवारी तास संपल्यावर, ज्यांना थांबायचे असेल त्यांना थांबवून घेत आणि समाजशास्त्र या नव्या विषयावर बोलत. परीक्षेला तो विषय नव्हता, त्यामुळे आम्ही सात-आठच जण उरत असू. सर म्हणत, समाज म्हणजे बाहेरची गर्दी असे समजू नका, तुम्ही खोलीत एकटे बसलात तरी तो तुमच्याबरोबर बसलेला असतो. मला हे ऐकायला आवडे. कळे असे मात्र नाही.

एका शनिवारी त्यांनी विचारले, "तुम्हाला कोणीही सांगितलेला नाही, तरी तुम्ही पाळता, असा एक नियम सांगा."

एकजण म्हणाला, देवळात चपला काढतो. सर म्हणाले, ते लहानपणी सांगितलेले आहे. माझी पाळी आली. मी उभा राहिलो, पुष्कळ विचार केला आणि म्हणालो, "सर, मला असा नियम नाही."

शेजारचा मित्र म्हणाला, "याच्या मळ्यात नियम उगवत नाहीत सर, नुसती मेथी."

सगळे हसले. मीही हसलो. सर हसले नाहीत. "बसा," ते म्हणाले. "सापडत नाही, तर तो फार आत आहे."

त्याच सरांनी खानेसुमारीच्या कच्च्या गणतीसाठी आमच्यापैकी तिघांची नावे दिली. मला आमच्याच बाजूच्या मळ्यांची आणि वाड्यांची घरे मिळाली. छापील तक्ता होता. एकेका माणसाला एक रेघ, आणि रेघेत रकाने: नाव, जात, वय, लग्न झालेले की नाही, धंदा, लिहितावाचता येते काय. भरलेला तक्ता तपासायला नंतर एक तपासनीस दारोदार येणार होता आणि घरच्यांना ओळीने मोठ्याने वाचून दाखवून खात्री करणार होता.

पहिले दोन दिवस मी सगळे रकाने मनापासून विचारले. एका म्हाताऱ्याला वय विचारले तर तो म्हणाला, "लिही की साठ."

"आणि गेल्या वर्षी किती होतं?"

"गेल्या वर्षी बी साठच व्हतं. तवा कुणी लिहायला आलं नाय."

लिहिण्यावाचण्याचा रकाना आला की बायांच्या वतीने पुरुषच बोलत. "त्यांना काय विचारतो? वांगी तोडायला अक्षरं लागतात व्हय?" आतून बायासुद्धा हसत. तिसऱ्या दिवसापासून मी तो प्रश्न बायांना विचारायचे सोडून दिले. बाईची रेघ आली की 'नाही' लिहून पुढे जात असे. वेळ वाचे. मला त्यात काही गैर वाटले नाही.

कार्ड आले ते याच दिवसांत. मी दुपारी घरी आलो तेव्हा ते नेहमीप्रमाणे कोनाड्यात ठेवलेले होते. मामा त्याच्या मोठ्या, सुट्या बाळबोध, म्हणजे देवनागरी, अक्षरात लिहीत असे. इतर नातेवाइकांची पत्रे मोडीत येत. मला वाटे, खेड्यातला मास्तर, मुलांना गिरवून द्यायचे तेच अक्षर त्याच्या हातात बसले असेल. मी उभ्याउभ्याच वाचले: 'मातोश्रींची प्रकृती आठ दिवस बरी नाही. अन्न जात नाही. सारखे बाईचे नाव घेतात. शक्य झाल्यास बाईस पाठवावे.' मी कार्ड घेऊन तसाच मळ्यात वडिलांकडे गेलो.

वडील पाणी वळवत होते. त्यांनी ऐकून घेतले. आमच्या चुलत बहिणीचे लग्न आमच्याच दारात, दहा दिवसांवर आले होते.

"आत्ता तिला सांगू नको," ते म्हणाले. "लग्न उरकू दे. मग मीच घेऊन जातो."

"पण आबा, आजीला जास्त असेल तर?"

"म्हातारं माणूस हाय, थंडीचं व्हतं असं. आत्ता सांगितलं तर ती ना धड इकडची राहील ना तिकडची. तू तेवढं सोडून वाच."

मी तेवढे सोडून वाचले. आई पलीकडे बसली होती. मामाकडचा हरभरा, बैलाच्या खरेदीचा बेत, सर्वांस नमस्कार. आईने मान हलवली आणि भांडी घासायला गेली. मला वाटले होते माझा आवाज अडेल. अडला नाही.

आमच्या घराची पाळी मी शेवटी ठेवली होती. आपल्याच घरात काय विचारायचे? गणतीच्या पाचव्या दिवशी दुपारी ओट्यावर बसून, कोणाला हाकही न मारता, मी तक्ता भरू लागलो. आत्या बाजारात होती, वडील मळ्यात. आई समोर सुपात लग्नाचे गहू निवडत होती. वडिलांची रेघ झाली, आत्याची झाली, आईची झाली. आईच्या रेघेत शेवटच्या रकान्यात मी 'नाही' लिहिले.

आईने सुपातून मान वर केली. "वन्संच्या रेघेला चुकलं बघ. लग्न झालेली पडलंय. तिथं विधवा पाहिजे ना? सरकारी कागद हाय, मागनं तुलाच बोलतील."

मी पाहिले. खरेच चुकले होते. मी खोडून दुरुस्त केले, शाई वाळावी म्हणून फुंकर मारली, आणि मग माझ्या ध्यानात आले की मी काहीच मोठ्याने वाचलेले नव्हते.

तक्ता माझ्या मांडीवर होता. तिच्या बाजूने तो उलटा होता.

मी तिच्याकडे पाहिले. तिचे हात गव्हात तसेच थांबले होते. आपण काय बोलून गेलो हे तिलाही त्याच वेळी कळले असावे.

"आई, तुला वाचता येतं?"

तिने आधी घरात वळून पाहिले. आत कोणी नव्हते, हे तिला ठाऊक होते. तरी पाहिले.

"हळू बोल," ती म्हणाली.

"कधीपासून?"

"लग्नाआधीपासनं. तुझ्या मामानं शिकवलं. तो शाळेतून आला की पाटी घेऊन म्हशींमागं यायचा."

"आणि उलटं?"

"तुझ्यासमोर बसून बसून." ती थोडी हसली. "दहा वर्सं उलटंच वाचतेय. आता सरळ धरलं तर अडेल कदाचित."

मला हसू आले नाही. मी विचारले, "मग इथं कुणी मना केलं? आत्यानं?"

"त्या कशाला करतील? त्यांना ठाऊकच नाय."

"आबांनी?"

"त्यांना बी नाय. कुणी काय म्हणलं नाय रे मला."

"मग?"

तिने गहू चाळत, माझ्याकडे न पाहता सांगितले. ती बारा वर्षांची होती. या दारात तिची हळद लागत होती आणि बाया शेजारच्या एका सुनेबद्दल बोलत होत्या. ती सून माहेरी अक्षरे शिकून आली होती आणि वर्षाच्या आत तिचा नवरा प्लेगने गेला. बाया म्हणत होत्या, पोरीची अक्षरे नवऱ्याला भोवली. आत्या नुकतीच माघारी आलेली, तिथेच कोपऱ्यात बसलेली होती.

"वन्संना तर एक अक्षर येत नव्हतं," आई म्हणाली, "तरी त्यांचं तसं झालंच की. पण हे कुणी बोललं नाय. मी बी नाय बोलले. मला वाटलं, आपल्याला येत नाय असंच म्हणावं."

"बावीस वर्षं?"

"दिवस जातात की."

मी काहीतरी बोलणार होतो आणि तेव्हा मला कार्ड आठवले. मग विचारले, "परवाचं कार्ड कुणी घेतलं होतं?"

"पोस्टमननं माझ्याच हातात दिलं."

"म्हणजे मी यायच्या आधी तू—"

"हां."

"मग मी वाचत होतो तेव्हा?"

"ऐकत होते. चांगलं वाचलंस. कुठं अडला नाहीस."

हे ती टोचून बोलली असती तर बरे झाले असते. ती साधेपणाने म्हणाली, लहानपणी धडा म्हणून दाखवल्यावर म्हणत असे तशी.

"तुझी आई आहे ती," मी म्हणालो. "तू बोलली का नाहीस?"

"काय म्हणून बोलू? कुणी सांगितलं म्हणून सांगू?" तिने सूप झटकले. "तू वाचलं असतंस तर गेले असते."

मी तिच्या रेघेतले 'नाही' खोडायला लेखणी उचलली. दुसरे काय करावे ते सुचत नव्हते. तिने कागदावर हात ठेवला. तिच्या बोटांना गव्हाचा कोंडा लागलेला होता.

"ते राहू दे. तपासायला येणारा मोठ्यानं वाचतो म्हणालास ना? ते राहू दे. आधी ते कार्ड बघ."

ती उठून आत गेली. मी ओट्यावर बसून राहिलो. सर बोलत तेव्हा मला नेहमी दुसऱ्या लोकांचे चेहरे दिसत: कर्मठ, अडाणी, जुने. माझी आई तिच्या मरणाला टेकलेल्या आईकडे जायला तयार होती, पण आपल्याला वाचता येते हे सांगायला तयार नव्हती. आणि तिला कोणी अडवलेले नव्हते. अडवणारा शोधू गेलो तर दाराशी लेखणी घेऊन मीच बसलेला सापडत होतो. वडिलांनी सांगितले म्हणून ओळी गाळल्या, हे खरे. पण आईला विचारावे, तिला वाचता येते का, हे मला कधीच का सुचले नाही? तसे तर मला कोणी सांगितले नव्हते.

संध्याकाळी जेवणे झाल्यावर मी कोनाड्यातून कार्ड काढले. वडील तंबाखू मळत होते. आत्या भिंतीला टेकून पाय चेपत होती.

"परवाचं कार्ड मी नीट वाचलं नव्हतं," मी म्हणालो.

वडिलांचा अंगठा तळहातावर थांबला. त्यांनी माझ्याकडे पाहिले, मग खाली. मी त्यांच्याकडे पाहणे टाळले आणि वाचू लागलो. आई पलीकडे बसली होती. 'मातोश्रींची प्रकृती आठ दिवस बरी नाही,' मी वाचले. तिने पदर तोंडाशी नेला. 'अन्न जात नाही,' मी वाचले, आणि ती रडू लागली.

ते रडणे खोटे होते असे मी म्हणत नाही. ते तिने दोन दिवस धरून ठेवले होते. पण ते नेमके त्या शब्दाला आले, ज्या शब्दाला पहिल्यांदा ऐकणारी बाई रडेल. या चेहऱ्यासमोर मी दहा वर्षे वाचत आलो होतो. किती कार्डे तिने अशी आधी वाचून मग ऐकली असतील, किती वेळा नव्याने हसली असेल, हे आता मोजता येणार नव्हते.

आत्याने पाय आखडून घेतले. "नीट वाचलं नव्हतं म्हणजे? कॉलेजात हेच शिकवतात का रे तुला?"

मी कार्ड कंदिलापाशी ठेवले. वडिलांनी तंबाखू पुन्हा मळायला घेतली.

"तिकडं आई मरायला टेकली आणि हा बैलाची खरेदी वाचतोय," आत्या म्हणाली. "ऊठ गं. लुगडी बांध. सकाळची मोटार कितीला सुटते?"

"पण लग्न…" वडील म्हणाले.

"लग्नाला काय धाड भरलीय? चुली पेटवायला मी हाय की. लग्नासाठी सासूची लेक अडवून ठेवणार हायेस का?"

आई बावीस वर्षे या बाईला भिऊन गप्प राहिली, असे मी दुपारपासून धरून चाललो होतो. मी तिच्याकडे पाहतच राहिलो. कदाचित आईने हळदीच्या दुसऱ्या दिवशी सांगितले असते तर आत्या म्हणाली असती, बरं झालं, मला वाचून दाखव. कदाचित नसती म्हणाली. मला माहीत नाही. आईलाही माहीत नव्हते. विचारून कोणी पाहिलेच नव्हते.

सकाळी मी आणि आई सर्व्हिस मोटारीने कळवणला गेलो आणि तिथून भाड्याच्या बैलगाडीने मामाच्या गावी. वाटेत एकदा आईने एका दुकानावरची पाटी सबंध वाचली, ओठ न हलवता. तिची नजर डावीकडून उजवीकडे सरकत गेली म्हणून मला कळले. माझ्या जन्मापासून ती नजर माझ्यासमोर होती.

आजी जिवंत होती. खाटेवर चिमणीएवढी झालेली. आईला पाहून ती म्हणाली, "आलीस? लय उशीर केलास." आई खाटेच्या कडेला बसली आणि आजीचा हात मांडीवर घेतला. उशीर कोणामुळे झाला ते तिने मामालाही सांगितले नाही. शेवटी मीच सांगितले, गोठ्यात, त्याच्या पाठीमागे उभा राहून.

त्याने ऐकून घेतले. मग म्हणाला, "आणि तुला आजवर कळलं नाही, हिला येतं ते?"

"नाही."

"साऱ्या पंचक्रोशीचे अर्ज मी मोडीत लिहून देतो. तुमच्या घरी बाळबोध का लिहितो, कधी मनात आलं नाही? मोडी तिला शिकवायची राहिली. कार्ड मी तिलाच लिहितो रे. तू मधे वाचतोस."

आजी बरी झाली नाही, पण पुढे महिनाभर राहिली. आम्ही होतो त्या दिवसांत तिला पेज जाऊ लागली होती. चौथ्या दिवशी दुपारी तिने फळीकडे बोट केले. मामाने तिथून सुतळीने बांधलेला कार्डांचा गठ्ठा काढला. ती मी लिहिलेली कार्डे होती. नाशिकहून आई सांगे आणि मी लिहीत असे. मामाने शाळेत जाता जाता गठ्ठा आईच्या हातात दिला. त्या घरात तिने वाचण्यात विशेष काही नव्हते.

आई वाचू लागली. तिचा वाचण्याचा आवाज मी पहिल्यांदा ऐकत होतो. तो तिच्या बोलण्यापेक्षा जरा वरचा होता, शाळेतल्या मुलीसारखा. "गायीला खोंड झालं. पाय आधी आला, म्हणून सगळी घाबरली, मी तुझं नाव घेऊन ओढलं. पोराला ताप होता तवा तू दिलेली गोधडी घातली त्याच्या अंगावर, तिला अजून तुझ्या पेटीचा वास हाय. यंदा शेवग्याला शेंगा आल्या तवा मी एकटीच बसून खाल्ल्या आणि तुझी आठवण काढली."

आजीच्या चेहऱ्यावर काहीतरी मऊ होत गेले. मला मात्र हे लिहिल्याचे आठवेना. मी जवळ सरकून आईच्या खांद्यावरून पाहिले. कार्डावर माझ्या अक्षरात तीन ओळी होत्या. गाय व्याली. मुलाचा ताप उतरला. पाऊसपाणी समाधानकारक.

मी तिला म्हणत असे, आई, पत्रात असले लिहीत नसतात. ती म्हणे, बरं, तुला ठाऊक. मी गाळलेले सगळे तिने जपून ठेवले होते आणि आता एकेका कार्डावरून आजीला परत देत होती. बोट माझ्या ओळींखालून सरकत होते आणि आवाज दुसरेच सांगत होता. मी पुन्हा मागे सरकून बसलो.

दुसऱ्या दिवशीही आजीने कार्डे मागितली. आई वाचत असताना बाहेर गाडीच्या बैलांचा आवाज झाला आणि अंगणात कोणी खोकले. वडील होते. लग्न तीन दिवसांवर आले होते, ते आम्हाला न्यायला आले होते.

आईचे वाचणे शब्दाच्या मध्येच थांबले. तिने माझ्याकडे पाहिले नाही. पदर डोक्यावर गेला, कार्ड तिच्या हातातून माझ्या हातात आले, आणि तिने आजीचे पांघरूण सारखे केले. तिने मला काही सांगितले नाही. मीही काही विचारले नाही. वडील उंबऱ्याशी आले तेव्हा मी वाचत होतो, मोठ्याने, स्पष्ट, कार्डावर होते तेवढेच: "मुलाची परीक्षा झाली. निकाल यावयाचा आहे."

आजी डोळे मिटूनच म्हणाली, "हे नव्हं गं. मघाचं वाच."

वडील जोडे काढत होते. त्यांनी आईकडे पाहिले, मग माझ्याकडे. "म्हातारीला काय कळतंय आता," ते हलक्या आवाजात म्हणाले. "वाच तू."

मी पुढचे कार्ड घेतले आणि वाचले.